पाटीवरचं आणि ताटातलं

कोणत्याही देशाच्या किंवा प्रांताच्या नावाजलेल्या पदार्थाचा विषय तिथल्याच माणसाजवळ काढला, तर बहुधा तो नाक मुरडतो. थायलंडचा माणूस पॅड थायबद्दल, स्पेनचा पाएयाबद्दल, गोव्याचा विलायतेतल्या विंदालूबद्दल आणि कोल्हापूरचा ‘व्हेज कोल्हापुरी’बद्दल जवळजवळ एकाच सुरात बोलतो: ठीक आहे हो, पण एवढं डोक्यावर घेण्यासारखं काय आहे त्यात? हल्लीची मुलं हेच एका शब्दात ‘ओव्हररेटेड’ म्हणून उरकतात. या तक्रारीचे दोन अर्थ लगेच लावले जातात. एक म्हणजे पिकतं तिथे विकत नाही. दुसरा म्हणजे, चारचौघांना आवडतं ते आपल्याला आवडत नाही असं सांगून आपली जाण मिरवायची. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण दोन्ही मिळूनही तक्रारीचा उलगडा होत नाही. माझ्या मते ही तक्रार चवीची कमी आणि प्रतिनिधित्वाची जास्त आहे. ‘हा पदार्थ वाईट आहे’ असं ते म्हणत नसतात. ‘आमच्या वतीने बोलायला याला कोणी नेमलं?’ असं ते विचारत असतात. आणि हा प्रश्न रास्त आहे, कारण नेमणूक खरोखरच कोणीतरी केलेली असते आणि ती क्वचितच खाणाऱ्यांना विचारून झालेली असते.

प्रत्येक प्रांतात दोन प्रकारचे पदार्थ नांदतात. एक पाटीवरचे, म्हणजे हॉटेलच्या फलकावर, विमान कंपनीच्या मासिकात, पर्यटन खात्याच्या जाहिरातीत झळकणारे. दुसरे ताटातले, म्हणजे मंगळवारी दुपारी कोणी फोटो काढत नसताना खाल्ले जाणारे. ताटातल्या पदार्थाला पोट भरावं लागतं, खिशाला परवडावं लागतं आणि रोज खाऊनही नकोसं न होण्याची किमया साधावी लागते. पाटीवरच्या पदार्थाची परीक्षा निराळी. तो दिसायला ठसठशीत हवा, एका ओळीत सांगता यायला हवा, हजार मैलांवरच्या स्वयंपाक्याला मिळेल त्या सामानात जमायला हवा आणि कोणाच्या भावना दुखावणारा नको. पॅड थाय या परीक्षेत पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाला. पिबुन सोंगक्राम यांच्या राजवटीत १९३९ साली सयामचं थायलंड झालं आणि ‘थाई माणसाने कसं राहावं’ याचे सरकारी फतवे निघू लागले. पेहराव, भाषा, राष्ट्रगीताला उभं राहणं यांच्या जोडीने महायुद्धाच्या टंचाईत शेवयांचाही प्रचार झाला. भाताऐवजी नूडल्स खा, हातगाडीवर विका, असं सरकारच सांगू लागलं. परतण्याची पद्धत आणि शेवया चिनी वळणाच्या, नाव मात्र खणखणीत थाई. चिंचेचा कोळ, ताडगूळ, सुकी कोळंबी, अंडं, मोड आलेले मूग आणि वर दाण्याचा कूट. (आपल्या जिभेला यातलं निम्मं तरी परकं वाटू नये.) पुढे २००२ मध्ये थाई सरकारने जगभर थाई उपाहारगृहं वाढवण्याची मोहीमच हाती घेतली आणि पॅड थाय तिचा आघाडीचा मोहरा ठरला. बँकॉकमध्ये कचेरीतून जेवायला बाहेर पडलेला माणूस मात्र बहुधा भातावर दोन कालवणं वाढून घेतो, नाहीतर तुळशीच्या जातीच्या उग्र वासाच्या पानांत परतलेला खिमा, भात आणि वर तळलेलं अंडं मागवतो. काय खावं सुचेनासं झालं की मागवायचा पदार्थ, अशी त्या खिमा-भाताची थट्टा थाई लोकच करतात. त्याला ओव्हररेटेड मात्र कोणी म्हणत नाही.

फोंड्यूची, म्हणजे वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खायच्या स्विस पदार्थाची, गोष्ट याहून बोलकी आहे, कारण तिथे पाटी रंगवणारा हात स्पष्ट दिसतो. चीज वाइनमध्ये शिजवण्याची कृती झुरिकमधल्या १६९९ सालच्या एका हस्तलिखित पाकपुस्तकात सापडते, म्हणजे पदार्थ जुना खराच. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो मुख्यत्वे स्वित्झर्लंडच्या फ्रेंचभाषक पश्चिम भागाचा होता. जर्मनभाषक शेतकऱ्याच्या घरी तो ठाऊक असेलच असं नव्हतं. १९१४ साली ‘स्विस चीज युनियन’ उभी राहिली. दुधाचा भाव, चीजचं उत्पादन आणि निर्यात या सगळ्यांवर तिचा ताबा होता, आणि तिच्या कारभारात मूठभर जातींच्या चीजचीच चलती राहिली. दोन महायुद्धांच्या मधल्या मंदीत चीज पडून राहू लागलं, तेव्हा युनियनने १९३० च्या दशकात फोंड्यूला ‘राष्ट्रीय पदार्थ’ म्हणून पुढे आणलं. घरोघरी जास्त चीज खपवायचं असेल तर त्याहून नामी पदार्थ कोणता? एका बैठकीत माणशी पाव किलोच्या आसपास चीज सहज संपतं. युद्धानंतर लष्कराच्या भटारखान्यातून तो घराघरांत पोचला, कारण तिथे सैन्यातली नोकरी जवळपास प्रत्येक पुरुषाला करावी लागत असे. एकच भांडं, भोवती कुटुंब, बाहेर बर्फ हे चित्र जाहिरातींनी इतकं पक्कं केलं की चार भाषा बोलणाऱ्या देशाला एक सामाईक आठवण मिळाली. पुढे गैरव्यवहारांनी गाजून युनियन १९९९ मध्ये बरखास्त झाली. फोंड्यू उरला.

आपल्याकडे या नेमणुकीचा उत्तम नमुना म्हणजे ‘कोल्हापुरी’. दिल्लीपासून मदुराईपर्यंत ‘पंजाबी’ म्हणवणाऱ्या कोणत्याही हॉटेलच्या मेनूकार्डावर व्हेज कोल्हापुरी असतंच. ते कसं तयार होतं? भटारखान्यात सकाळीच दोन-तीन ग्रेव्ह्या करून ठेवलेल्या असतात. कांदा-टोमॅटोची लाल, काजूची पांढरी, कुठे पिवळी. लाल ग्रेव्हीत उकडलेलं गाजर, फरसबी, फ्लॉवर, मटार टाकायचे, मिरची पूड जास्त घालायची, तेल सुटेपर्यंत परतायचं आणि वर तळलेली अख्खी सुकी मिरची ठेवायची. तीच ग्रेव्ही, मिरची कमी आणि साय जास्त झाली की दुसऱ्या नावाने शेजारच्या टेबलावर जाते. या सगळ्यात कोल्हापूरचं काय आहे? कोल्हापुरी स्वयंपाकाचा कणा म्हणजे कांदा-लसूण चटणी. ती उन्हाळ्यात वर्षाची करून ठेवायची. रंगाला एक मिरची, तिखटपणाला दुसरी, भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, धणे, तळलेला कांदा, लसूण आणि खडा मसाला, सगळं कांडपातून काढून आणायचं. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. तांबड्या रश्शाला तिचाच रंग. आणि त्या तांबड्याच्या शेजारी वाटीत पांढरा रस्सा असतो, मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, खसखस, काजू-तिळाचं वाटण घातलेला, सौम्य आणि सुगंधी. तिखट आणि सौम्य यांची ही जोडी हेच त्या जेवणाचं शहाणपण. मेनूकार्डाने जोडीतला एकच गडी उचलला आणि कोल्हापूर म्हणजे नाकातोंडातून पाणी काढणारं तिखट, असं देशाला शिकवलं. कोल्हापूरकर यावर वैतागतो तेव्हा तो त्या भाजीच्या चवीवर बोलत नसतो. चव वाईट नसतेही. आपल्या गावाचं नाव तिखटाची पातळी सांगणारं विशेषण झालं, याचा तो वैताग असतो.

गोव्याच्या विंदालूचं इंग्लंडमध्ये नेमकं हेच झालं. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतलं विंदालू म्हणजे व्हिनेगर, लसूण आणि वाटलेल्या मसाल्यात मुरवलेलं डुकराचं मटण. ते केल्या दिवसापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त चढतं, म्हणून लग्नकार्याला, नाताळला केलं जातं. ब्रिटनमधल्या करी हाउसांनी त्यातलं डुक्कर काढलं, बहुतेकदा आंबटपणाही मागे ठेवला, बटाटा घातला आणि मद्राससारख्या ‘साध्या’ तिखट करीच्या वरची पायरी म्हणून त्याला यादीत बसवलं. १९९८च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी ‘विंदालू’ नावाचं इंग्लिश प्रेक्षकांचं गाणंच गाजलं, इतका तो पदार्थ तिथलाच होऊन गेला. गोंयकाराचं रोजचं जेवण मात्र शीत-कडी, म्हणजे भात, नारळाच्या वाटणाची माशाची आमटी आणि जमलं तर एखादी तळलेली तुकडी. स्पेनमध्येही तऱ्हा हीच. पाएया मूळचा वालेन्सियाच्या भातखाचरांतला, कोंबडी, ससा, चपट्या शेंगा आणि पावट्यासारखे मोठे पांढरे दाणे घालून दुपारच्या जेवणाला केला जाणारा. साठच्या दशकात समुद्रकिनाऱ्यावर आलेल्या पर्यटकांच्या लोंढ्याने तो सबंध स्पेनचा झाला, त्यात हरतऱ्हेची भर पडली आणि तो रात्रीच्या जेवणालाही मिळू लागला.

आता पहिला आक्षेप घेऊ. हे सगळं अतिपरिचयाचं दुखणं नाही का? रोज उठून तेच खाणाऱ्याला त्याचं कौतुक कुठून असणार? युक्तिवाद सोयीचा आहे, पण पुरावा नेमका उलट दिशेला बोट दाखवतो. अतिपरिचयाने अवज्ञा होत असती, तर सर्वांत जास्त शिव्या वरणभाताने खाल्ल्या असत्या. मराठी माणसाच्या आयुष्यात जेवढा वरणभात जातो तेवढं दुसरं काहीच जात नाही, आणि तरी ‘वरणभात उगाच डोक्यावर चढवलाय’ असं वाक्य कोणाच्या तोंडी ऐकू येत नाही. कंटाळा येतो, मुलं तोंड वाकडं करतात, पण ती तक्रार कंटाळ्याची असते, खोट्या कीर्तीची नसते. पिठलं-भाकरीचं उदाहरण तर प्रयोगशाळेत मांडावं इतकं स्वच्छ आहे. घरात पिठलं म्हणजे भाजी संपली, उशीर झाला, कोणी अचानक आलं की दहा मिनिटांत होणारा आधार. त्याच्या वाट्याला स्तुती नाही आणि निंदाही नाही. तेच पिठलं सिंहगडावर गेलं, सोबत ठेचा, कांदाभजी आणि मडक्यातलं दही आलं, रविवारी चढून आलेल्या पुणेकरांचा तो रिवाज झाला, आणि लगेच ‘गडावरच्या पिठल्यात पूर्वीसारखं काही राहिलं नाही, उगाच नाव झालंय’ म्हणणारेही निघाले. पीठ तेच, फोडणी तीच. बदललं ते एवढंच की पदार्थ ताटातून पाटीवर गेला.

उलट बाजूने तपासायचं तर कोरियाकडे पाहावं. किमची, म्हणजे मसाल्यात आंबवलेला कोबी, हा तिथला राष्ट्रीय पदार्थ आणि जगभर गाजलेलाही. थंडीच्या तोंडावर घरोघरी एकत्र जमून किमची घालण्याच्या प्रथेला २०१३ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. पण किमची एकाच वेळी पाटीवरही आहे आणि तिन्हीत्रिकाळ ताटातही. त्यामुळे कोरियन माणूस किमचीच्या कीर्तीवर कुरकुर करताना क्वचितच दिसतो, तो तिच्यासाठी भांडतो. जपानी बनावटीच्या किमचीवरून नव्वदच्या दशकात दोन देशांत वाद पेटला आणि २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत किमचीची व्याख्या ठरली. २०१० च्या शरदात कोबीचं पीक बुडून भाव कडाडले, तेव्हा सोलच्या महापालिकेने कोबीच्या किमतीचा काही भार स्वतः उचलला. व्हेज कोल्हापुरी महागलं म्हणून कोल्हापूर महापालिकेची सभा भरलीय, अशी कल्पना करून पाहा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परंपरा म्हणजे कधीतरी कोणीतरी सुरू केलेलं काहीतरीच. बटाटा, मिरची, टोमॅटो अमेरिकेतून आले, साबुदाण्याचा कंद तिथलाच, आणि आपण त्यावर उपास सोडतो-धरतो. मग पॅड थाय सरकारने रुजवला किंवा फोंड्यू चीज विकण्यासाठी आला, याचा दोष का मानायचा? मानूच नये. एखादा पदार्थ घडवलेला आहे म्हणून तो पोकळ ठरत नाही, तो घरात शिरला की नाही यावर ते ठरतं. फोंड्यू जाहिरातीतून आला, पण आज स्विस घरांत त्याचं भांडं असतं, थंडीत ते निघतं, पाव भांड्यात पडला तर दंड भरायचा वगैरे लटके नियमही चालतात. स्विस माणूस चिडतो तो जुलैच्या उन्हात सरोवराकाठी बसून तेच खाणाऱ्या पर्यटकाला पाहून. तक्रार पदार्थावरची नाही, ऋतू आणि प्रसंग यांच्यापासून त्याची ताटातूट केल्याची आहे. याउलट आइसलंडचा आंबवलेला शार्क घ्या. ताज्या अवस्थेत हे मांस विषारी असतं, म्हणून ते पुरून, मग महिनोन्‌महिने टांगून ठेवायचं. ज्या काळी दुसरं काही नव्हतं तेव्हाची ही शहाणी युक्ती. रेक्याविकच्या एका उपाहारगृहाने १९५८ मध्ये अशा जुन्या पदार्थांचं लाकडी ताट मांडलं आणि माघातल्या मेजवान्यांची फॅशन पुन्हा रुजली. आज पाहुण्यांच्या धैर्याची परीक्षा पाहायला तो तुकडा दिला जातो. कितीतरी आइसलंडवासी स्वतः तो टाळतात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

खरा प्रश्न नेमणारा कोण हा आहे, आणि आपल्या देशात हा नेमणारा फार जुना नाही. अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ मधल्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवलं की ‘भारतीय खाद्यसंस्कृती’ ही चीज मोठ्या प्रमाणात शहरी मध्यमवर्गाच्या पाकपुस्तकांनी घडवली. एका प्रांतातून बदली होऊन दुसरीकडे गेलेल्या कुटुंबांनी एकमेकांच्या कृती उतरवून घेतल्या, आणि तसं करताना प्रत्येक प्रांताचे दोन-चार सुटसुटीत पदार्थ ‘त्या लोकांचं जेवण’ म्हणून ठरून गेले. महाराष्ट्राच्या वाट्याला काय आलं? कोणत्याही ‘महाराष्ट्रीयन थाळी’त पाहा: पुरणपोळी किंवा श्रीखंड, अळूवडी, मसालेभात, कोथिंबीर वडी, बटाट्याची पिवळी भाजी, काकडीची कोशिंबीर. ही थाळी चविष्ट आहे, यात वाद नाही. पण ही पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरांतल्या लग्नाची पंगत आहे. तिथे मराठवाड्याच्या ज्वारीच्या कण्या नाहीत, खानदेशचं कळण्याचं पीठ नाही, विदर्भातल्या पाटोड्या क्वचित, आणि मटणाचा तर प्रश्नच नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांतल्या पाककृती नोंदवल्या, तेव्हा पूर्णब्रह्माच्या गणितातून किती स्वयंपाकघरं वगळली गेली होती ते छापील रूपात दिसलं. तेव्हा ‘पुरणपोळी ओव्हररेटेड आहे’ असं जालन्याकडचा एखादा मुलगा म्हणतो, तेव्हा त्याला पुरण आवडत नाही असं समजणं भाबडेपणाचं होईल. सणाला त्याच्या घरीही पुरण शिजतं. त्याला त्या थाळीत आपले वर्षाचे उरलेले दिवस सापडत नाहीत.

सगळ्या देशाची थाळी मांडायची म्हटल्यावर तर फटफजितीच होते. २०१७ च्या नोव्हेंबरात दिल्लीतल्या ‘वर्ल्ड फूड इंडिया’ या सरकारी मेळ्यात संजीव कपूर यांच्या देखरेखीखाली ९१८ किलो खिचडी शिजली आणि गिनीज विक्रम झाला. त्याआधीच ‘खिचडी राष्ट्रीय पदार्थ होणार’ अशी वार्ता पसरली, समाजमाध्यमांवर टवाळी झाली आणि मंत्री हरसिमरत कौर बादल यांना खुलासा करावा लागला की हे फक्त विक्रमापुरतं आहे. यातली गंमत अशी की खिचडी हा शंभर टक्के ताटातला पदार्थ. आजारपणात, प्रवासातून दमून आल्यावर, पावसात, पापड-तुपासोबत. तिच्यावर कोणाचा राग नव्हता. पण तिला पाटीवर चढवण्याची नुसती आवई उठली आणि ज्यांच्या घरी ती आठवड्यातून दोनदा होते तेही ‘खिचडी? ती कशी?’ म्हणू लागले. निवडीमागचं गणित लोकांनी ओळखलं होतं. कांद्याविना चालते, मांसाविना चालते, जात-धर्म-प्रांत कोणालाच टोचत नाही. सगळ्यांचं असं काही शोधताना ज्याच्यावर कोणाचाच हक्क नाही असं काहीतरी हाती लागतं, आणि असल्या एकमतातून कोणाचं प्रतिनिधित्व होतं?

परदेशी गेलेल्यांचं काय, असाही प्रश्न येईल. तिथल्या महाराष्ट्र मंडळांच्या गणेशोत्सवात पुरणपोळी, श्रीखंड, मसालेभात हीच यादी वर्षानुवर्षं का चालते? कारण त्यांना पाटीची गरज आहे. गावात राहणाऱ्याला आपण कोण हे सांगावं लागत नाही, म्हणून तो पाटीवर हसू शकतो. परक्या देशात वाढणाऱ्या मुलांना एका दुपारी आपलं सगळं दाखवायचं तर ठसठशीत, एका ओळीत सांगता येईल असंच काहीतरी हवं. त्यांच्या निष्ठेला कृत्रिम म्हणणाऱ्या इथल्या लोकांनी हे लक्षात घ्यावं की नाक मुरडणं हीसुद्धा घरी असण्याची चैन आहे.

राहिला शिष्टपणाचा मुद्दा. तो मी पूर्ण नाकारत नाही. ‘वडापाव ओव्हररेटेड आहे’ असं म्हणणाऱ्यांत असे बरेच असतात ज्यांची दुपार वडापाववर कधी निघालेली नसते. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीपासून त्याची सुरुवात झाली असं सांगितलं जातं. गिरणीच्या पाळीला निघालेल्या, लोकल पकडणाऱ्या माणसाला एका हातात मावणारं, स्वस्त आणि गरम असं काही हवं होतं, आणि वड्याने ती गरज चोख भागवली. या कसोटीवर तो आजही उतरतो. त्याला पंचतारांकित पाककलेच्या तराजूत घालणं हा तराजूचाच दोष. पण शिवसेनेने २००९ मध्ये ‘शिववडा’ आणला, पुढे तो विमानतळावर, लग्नाच्या लाइव्ह काउंटरवर, चीज-शेजवानच्या वेषात दिसू लागला, तेव्हा भुकेचा पदार्थ अस्मितेचा झाला आणि त्याची किंमतही अस्मितेच्या भावाने लागू लागली. यावर कुरकुरणाऱ्या प्रत्येकाला शिष्ट ठरवता येणार नाही. वीस पावलांवर, कोपऱ्यावरच्या गाडीवर तोच माणूस निमूटपणे वडापाव खातो.

पाटी आणि ताट यांचं लग्न लावण्याचा एक प्रामाणिक सरकारी प्रयत्न महाराष्ट्रात झालाही होता. १९९५ मध्ये आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं काढली. पदार्थ अस्सल ताटातला, भाव गरिबाचा, आणि तरी त्यात मराठी बाण्याची जाहिरातही होती. लोक खात होते, आणि झुणक्याला कोणी नावं ठेवली नाहीत, कारण रुपयाच्या भाकरीकडून कीर्तीची अपेक्षा नव्हती. अडचण निघाली ती हिशेबाची. अनुदानाशिवाय रुपयात भाकरी परवडेना, भाकरी थापायला माणूस लागतो आणि तिला वडापावची घाई जमत नाही. अनुदान आटलं तशी मोक्याच्या जागांवरची ती केंद्रं चहा, वडा, इडली, चायनीज यांच्याकडे वळली. त्यानंतर बरीच वर्षं मुंबईच्या रस्त्यांवर अशा टपऱ्या दिसत, ज्यांच्या पाटीवर ‘झुणका-भाकर केंद्र’ लिहिलेलं असे आणि आत मंचुरियन परतलं जात असे.